पाणी घुसळून उष्णतेचा हिशेब लावणारा ज्यूल

हेस्कॉमचं बिल हातात आलं की घरातल्यांची पहिली नजर रकमेवर जाते, दुसरी युनिटवर. एक युनिट म्हणजे काय, असं नववी-दहावीतल्या पोराला विचारलं तर तो सांगेल, एक किलोवॅट-तास. आणखी खोदून विचारलं तर सांगेल, 36 लाख ज्यूल. हा ज्यूल कोण, असं विचारलं की मात्र गाडी थांबते. विज्ञानाच्या पुस्तकात त्याच्या वाट्याला जेमतेम अर्धी ओळ येते.

जेम्स प्रेस्कॉट ज्यूल हा प्राध्यापक नव्हता. कॉलेजचं तोंडही त्याने विद्यार्थी म्हणून कधी पाहिलं नाही. 24 डिसेंबर 1818 रोजी इंग्लंडमध्ये मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्ड गावी त्याचा जन्म झाला. वडील बेंजामिन यांचा बिअरचा मोठा कारखाना होता, म्हणजे पैशाला तोटा नव्हता. पण पोराची प्रकृती नाजूक. पाठीच्या कण्यात लहानपणापासून दोष होता, त्यामुळे किंचित पोक राहिलं ते कायमचं. स्वभाव लाजरा, चारचौघांत बोलायचं म्हटलं की अवघडणारा. म्हणून शिक्षण घरीच झालं.

1834 साली वडिलांनी जेम्सला आणि त्याच्या थोरल्या भावाला मँचेस्टरच्या एका म्हाताऱ्या मास्तरांकडे शिकवणीला घातलं. हे मास्तर म्हणजे जॉन डाल्टन, अणुसिद्धांतवाले. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण पोट भरण्यासाठी शिकवण्या घेत होता. मुलांना वाटलं असेल की आता रसायनशास्त्राची गंमत सुरू होईल. डाल्टननी त्यांना अंकगणित आणि भूमितीत घोळवलं. दोनेक वर्षांत, रसायनाची नीट सुरुवात होते न होते तोच 1837 मध्ये डाल्टनना पक्षाघाताचा झटका आला आणि शिकवणी संपली. एवढंच काय ते ज्यूलचं उच्च शिक्षण. पण मोजल्याशिवाय बोलायचं नाही, ही सवय त्याला तिथे लागली असावी असं म्हणायला जागा आहे.

विजेचं वेड तेव्हापासूनचं. दोघे भाऊ बॅटरी जोडून एकमेकांना शॉक देत, आणि घरातले नोकरचाकरही त्यातून सुटत नसत. आजच्या मुलांनी यातलं काहीही करून बघू नये!

कोळसा की जस्त?

ज्यूल कारखान्यात काम पाहू लागला तेव्हा मँचेस्टर धुरात बुडालेलं होतं. सूतगिरण्या, वाफेची इंजिनं, कोळसा. नुकत्याच निघालेल्या विजेच्या मोटरवर सगळ्यांच्या उड्या पडत होत्या. ज्यूललाही वाटलं की वाफेचं इंजिन काढून टाकू आणि कारखाना विजेवर चालवू. 1838 मध्ये, विशीच्या आतच, त्याने स्वतः बनवलेल्या मोटरवर पहिला लेख छापला.

पण त्या काळी वीज खांबावरून येत नव्हती, ती बॅटरीतून काढावी लागे. बॅटरीत जस्त झिजतं. म्हणजे जस्त हे तिचं जळणच. ज्यूलने व्यापाऱ्याच्या डोक्याने हिशेब मांडला. एक पौंड कोळसा चांगल्या वाफेच्या इंजिनात जाळला तर किती वजन किती उंच उचललं जातं आणि एक पौंड जस्त बॅटरीत झिजवलं तर किती? उत्तर आलं ते त्याच्या स्वप्नावर पाणी ओतणारं होतं. कोळसा जस्ताच्या पाचपट काम करत होता, आणि जस्त कोळशापेक्षा कितीतरी महाग.

दुसरा कुणी असता तर आकडे थोडे इकडेतिकडे करून मोटरची जाहिरात करत बसला असता. ज्यूलने सरळ लिहून टाकलं की हे परवडणार नाही. मात्र वजन किती आणि उंची किती, ही मोजायची पद्धत त्याने सोडली नाही. बल गुणिले अंतर म्हणजे कार्य, हे आज शाळेच्या पुस्तकात असतं. साधारण शंभर ग्रॅमची वस्तू एक मीटर वर उचलली की सुमारे एक ज्यूल कार्य होतं. ज्यूलच्या हातात तेव्हा हे एकक नव्हतं. तो फूट-पौंडात मोजायचा: एक पौंड वजन एक फूट उचललं की एक फूट-पौंड.

तार का तापते?

मोटरवर काम करताना त्याच्या लक्षात आलं की तारा तापतात. ही उष्णता वाया जाते, तर ती किती ते तरी कळायला हवं. त्याने तारेची गुंडाळी पाण्यात बुडवली, वीज सोडली आणि पाण्याचं तापमान पाहत बसला. 1840 च्या डिसेंबरात निष्कर्ष तयार होता. तारेत तयार होणारी उष्णता तारेच्या रोधाच्या प्रमाणात वाढते, आणि विद्युतधारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

यातला वर्ग महत्त्वाचा. धारा दुप्पट केली तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. धारा तिप्पट झाली तर नऊपट. अंघोळीचं पाणी तापवायची कॉईल, इस्त्री, जास्त लोड आला की वितळणारी फ्यूजची तार, सगळी याच नियमावर चालतात. शेतातून जाणाऱ्या मोठ्या टॉवरच्या लाईनमध्ये इतका भयंकर व्होल्टेज का ठेवतात, तेही यातच आहे. तेवढीच शक्ती पाठवताना व्होल्टेज दहापट केला की धारा एक दशांश होते आणि तारेत फुकट जाणारी उष्णता एक शतांशावर येते.

एवढा मोठा नियम ज्यूलने लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठवला. सोसायटीने त्याचा नुसता सारांश छापला, पूर्ण लेख नाही. पुढे म्हातारपणी कुणी विचारलं तेव्हा त्याने याची चेष्टाच केली होती. भर दुपारी मुख्य जेवण उरकणाऱ्या गावातून काय चांगलं निघणार, असं ती लंडनची मंडळी टेबलाभोवती बसून म्हणाली असतील, अशा अर्थाचं तो बोलला. राजधानीपासून लांब राहणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही.

उष्णता येते कुठून?

त्या काळच्या बहुतेक शास्त्रज्ञांच्या मते उष्णता हा एक अदृश्य, वजन नसलेला द्रवपदार्थ होता. त्याला ते कॅलरिक म्हणत. तो गरम वस्तूतून थंड वस्तूत वाहतो, पण नव्याने तयार होत नाही आणि नष्टही होत नाही, अशी समजूत होती. काउंट रमफर्डने 1798 मध्येच म्युनिकला तोफा कोरताना निघणारी उष्णता संपता संपत नाही हे दाखवून या समजुतीला धक्का दिला होता. पण ती मोडली नव्हती.

ज्यूलला प्रश्न पडला: तारेतली उष्णता बॅटरीतून वाहत येते की तिथेच तयार होते? त्याने बॅटरीच काढून टाकली. पाण्याने भरलेल्या नळीत तारेची गुंडाळी ठेवून ती चुंबकाच्या ध्रुवांमध्ये गरगर फिरवली. फॅरेडेने 1831 मध्ये दाखवल्याप्रमाणे गुंडाळीत वीज तयार झाली आणि पाणी तापलं. आता ही उष्णता वाहत येणार तरी कुठून? फिरवायला लागलेल्या मेहनतीतूनच ती आली होती. मग त्याने फिरवण्याचं काम दोरीला टांगलेल्या वजनांवर सोपवलं. वजन खाली येतं, गुंडाळी फिरते, पाणी तापतं. वजन किती फूट खाली आलं ते माहीत, पाणी किती तापलं ते माहीत. भागाकार केला की दर आला: एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला 838 फूट-पौंड कार्य.

ऑगस्ट 1843 मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क शहरी ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात त्याने हे वाचून दाखवलं. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी भांडलंही नाही. सभा गप्प राहिली. चोवीस वर्षांच्या कारखानदाराच्या पोराला यापेक्षा कडक विरोध परवडला असता.

तो घरी परतला आणि पुन्हा मोजायला लागला. अरुंद छिद्रांतून पाणी दाबून पाहिलं. हवा पंपाने कोंबून पाहिली. तो लेख रॉयल सोसायटीने नाकारला. प्रत्येक वेळी आकडा थोडा निराळा यायचा, पण सगळे आकडे एकाच आसपास घोटाळत होते. वाट वेगळी घेतली तरी दर जवळपास तोच निघतो, ही गोष्ट त्याला धीर देणारी होती. जे देवाने निर्माण केलं ते माणसाच्या यंत्रात नाहीसं होणं शक्य नाही, अशी त्याची श्रद्धाही त्यामागे होती.

शेवटी त्याने जी युक्ती केली ती आपल्या स्वयंपाकघरातली वाटावी अशी. तांब्याच्या भांड्यात पाणी आणि त्यात पितळी पात्यांची रवी. भांड्याच्या आतून आडव्या पट्ट्या बसवलेल्या, म्हणजे पाणी नुसतं रवीबरोबर गोल न फिरता घुसळलं जाईल. रवीच्या दांड्याला दोरी, दोरी दोन्ही बाजूंच्या कप्प्यांवरून जाऊन तिच्या टोकांना शिशाची वजनं. वजनं खाली उतरतात तशी रवी फिरते. उतरली की परत वर गुंडाळायची आणि पुन्हा सोडायची.

ताक घुसळताना ते तापलेलं कुणाला जाणवत नाही, आणि इथेही तीच अडचण होती. 1849 च्या प्रयोगात दोन्ही वजनं मिळून सुमारे 26 किलो, उतार सुमारे 1.6 मीटर, आणि असं लागोपाठ 20 वेळा. पाणी सहा किलोच्या आसपास. वहीत करून बघण्यासारखा हिशेब आहे. 26 गुणिले 9.8 गुणिले 1.6 गुणिले 20, म्हणजे साधारण 8,150 ज्यूल. एक किलो पाणी एक अंश सेल्सिअस तापवायला सुमारे 4,186 ज्यूल लागतात. म्हणजे सगळी मेहनत करून पाणी तापणार जेमतेम 0.3 अंश.

एवढासा फरक मोजायचा कसा? इथे बिअरचा धंदा उपयोगी पडला असं इतिहासकार म्हणतात. बिअर तयार करताना तापमान थोडं चुकलं तरी घाणा बिघडतो, त्यामुळे ज्यूलचं उभं आयुष्य थर्मामीटर बघण्यातच गेलं होतं. मँचेस्टरचा कारागीर जॉन बेंजामिन डान्सर याने त्याला असे थर्मामीटर करून दिले की ज्यूल फॅरनहाइटच्या अंशाचा दोनशेवा भाग वाचू शकायचा. प्रयोग तळघरात, कारण तिथली हवा दिवसभर सारखी राहते. आणि स्वतःच्या अंगाची ऊब भांड्याला लागू नये म्हणून मध्ये लाकडी पडदा! लोकांचा विश्वास बसत नव्हता तो याच बारीक आकड्यांवर. शंभरातल्या काही भागांएवढ्या अंशावरून हा माणूस विश्वाचा नियम सांगू पाहतो, ही शंका अगदीच चुकीची नव्हती.

ऑक्सफर्डची सभा

1847 च्या एप्रिलमध्ये ज्यूलने मँचेस्टरच्या सेंट अ‍ॅन चर्चच्या वाचनालयात साध्या श्रोत्यांपुढे व्याख्यान दिलं. ऊर्जा नष्ट होत नाही, रूप बदलते, हा विचार त्यात पहिल्यांदा सलग मांडलेला होता. विज्ञानाच्या नियतकालिकात नव्हे, तर मँचेस्टर कुरिअर या स्थानिक वर्तमानपत्रात ते पूर्ण छापून आलं. तिथे त्याचा भाऊ संगीत समीक्षा लिहायचा, म्हणून जमलं. दुसऱ्या एका पत्राने नुसते उतारे छापायची तयारी दाखवली होती.

त्याच वर्षी जूनमध्ये ऑक्सफर्डला अधिवेशन होतं. अध्यक्षांनी वेळ नाही म्हणून ज्यूलला थोडक्यात आटपायला सांगितलं, चर्चाही ठेवली नाही. कॉर्कसारखंच होणार असं दिसत असताना एका तेविशीतल्या तरुणाने विषय उचलून धरला. तो ग्लासगोचा प्राध्यापक विल्यम थॉमसन, पुढचा लॉर्ड केल्विन. तो सभेतच उठून बोलला असं ज्यूलने लिहून ठेवलंय. थॉमसनच्या आठवणीप्रमाणे तो सभा संपल्यावर ज्यूलला गाठून बोलला. काही असो, त्या दिवसापासून ज्यूल एकटा राहिला नाही. थॉमसनला मात्र हे सगळं गळी उतरायला आणखी तीन-चार वर्षं लागली, कारण तो स्वतः कॅलरिकच्या हिशेबात वाढलेला होता.

त्याच ऑगस्टमध्ये ज्यूलने अमेलिया ग्राइम्सशी लग्न केलं आणि दोघं आल्प्सकडे गेली. तिथे वाटेत थॉमसन भेटला. नवरदेवाच्या हातात लांबलचक थर्मामीटर होता आणि तो धबधब्याच्या वरच्या आणि खालच्या पाण्याचं तापमान घ्यायला निघाला होता, असं थॉमसनने बऱ्याच वर्षांनी सांगितलं. थर्मामीटरचा भाग मागाहून रंगवलेला असावा अशी शंका अभ्यासक घेतात, कारण थॉमसनने त्या वेळी लिहिलेल्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. पण दोघांनी धबधब्यावर प्रयत्न केला हे खरं, आणि पाण्याचे तुषार उडून गेल्यामुळे तो फसला हेही खरं.

कल्पना मात्र पक्की होती. उंचावरचं पाणी म्हणजे साठलेली स्थितिज ऊर्जा. पडताना तिची गतिज ऊर्जा होते, खाली आपटलं की उष्णता. नायगाराचं पाणी खाली सुमारे एक पंचमांश अंश फॅरनहाइटने गरम असायला हवं, असं ज्यूलने आधीच लिहिलं होतं. हाच हिशेब घटप्रभेवर लावता येतो. गोकाकचा धबधबा साधारण 52 मीटर. 52 गुणिले 9.8 भागिले 4,186, म्हणजे 0.12 अंश सेल्सिअस. जोगला 253 मीटरला सुमारे 0.6 अंश. प्रत्यक्षात वारा आणि बाष्पीभवन हा फरक खाऊन टाकतात. गोकाकला तर 1887 पासून त्या पडत्या पाण्याची शक्ती गिरणीच्या कामाला लावली गेली. तेव्हा ज्यूल हयात होता. तिथे पाणी टर्बाइनला आपली ऊर्जा देऊन मोकळं होतं, त्यामुळे तेवढं पाणी कमीच तापतं.

मान आणि वाद

1849 मध्ये ज्यूलचा मोठा लेख रॉयल सोसायटीपुढे गेला तो खुद्द मायकेल फॅरेडेच्या हातून. आकडा आता 772 फूट-पौंडावर स्थिरावला होता. लेख तपासणाऱ्या समितीने तरीही एक वाक्य गाळायला लावलं. घर्षण म्हणजे यांत्रिक शक्तीचं उष्णतेत होणारं रूपांतर, एवढंच त्यात म्हटलं होतं. सगळा लेख ज्यासाठी लिहिला तेच वाक्य! ज्यूलने ते काढलं, आणि छापताना तळटीप दिली की असं एक विधान समितीच्या इच्छेवरून गाळलं आहे. लाजऱ्या माणसाने एवढा हट्ट केला. 1850 मध्ये तो सोसायटीचा सदस्य झाला.

दुसरा घोळ जास्त कडू होता. जर्मन डॉक्टर युलियस रॉबर्ट मायर 1840 मध्ये जहाजावरून जावाला गेला होता. उष्ण प्रदेशात खलाशांचं शिरेतलं रक्त जास्त लालभडक दिसलं, तेवढ्यावरून विचार करत तो उष्णता आणि कार्य एकमेकांत बदलतात या निष्कर्षाला पोचला. 1842 मध्ये, म्हणजे ज्यूलच्या आधी एक वर्ष, त्याने आकडाही छापला. त्याच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. घरात मुलांचे मृत्यू, त्यात ही उपेक्षा, मायरचं मन ढासळलं आणि त्याला काही काळ मनोरुग्णालयात काढावा लागला. पुढे 1862 मध्ये जॉन टिंडलने लंडनला मायरची बाजू जाहीरपणे मांडली आणि इंग्लंडात दोन तट पडले. मायरने कल्पना केली होती, पण ती प्रयोगाने सिद्ध आपण केली, असं ज्यूलचं म्हणणं. ते बरोबरच होतं, तरी पहिली कल्पना मायरची हेही तितकंच बरोबर. रॉयल सोसायटीने 1870 मध्ये कोपली पदक ज्यूलला दिलं आणि 1871 मध्ये मायरला. उशीर झाला, पण न्याय बरा झाला.

घरी मात्र सुख टिकलं नाही. 1854 मध्ये अमेलिया गेली, तान्हं बाळही गेलं. एक मुलगा आणि एक मुलगी मागे राहिली. त्याच वर्षी कारखानाही विकला गेला. ज्यूलने पुन्हा लग्न केलं नाही. थॉमसनबरोबर त्याचं काम चालू होतं. दाबलेला वायू बारीक वाटेतून पसरू दिला की बहुतेक वायू थंड होतात, हा ज्यूल-थॉमसन परिणाम त्यातूनच निघाला. पुढे हवेचा द्रव करणारी यंत्रं त्यावर उभी राहिली. प्रयोगांचा खर्च बहुतेक स्वतःच्या खिशातून केल्यामुळे पैसा आटत गेला. 1878 मध्ये सरकारने वर्षाला 200 पौंड पेन्शन सुरू केली तेव्हा त्याला तिची खरोखर गरज होती. त्याच वर्षी त्याने शेवटचं मोजमाप पुरं केलं: 772.55.

ऊर्जेच्या एककाला ज्यूलचं नाव द्यावं असं 1882 मध्ये विल्यम सीमेन्सने सुचवलं. 1889 मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने ते मान्य केलं. 11 ऑक्टोबर 1889 रोजी, म्हणजे त्यानंतर काही आठवड्यांतच, मँचेस्टरजवळच्या सेल गावी ज्यूल वारला.

आज बादलीभर, म्हणजे 15 लिटर पाणी 30 अंशांनी तापवायला जवळपास 19 लाख ज्यूल लागतात, बिलात अर्ध्या युनिटच्या थोडं वर. तेवढ्या ऊर्जेत एक टन वजन 190 मीटर वर उचलता येईल. एका अंघोळीमागे एवढी मेहनत दडलीय, हा हिशेब ज्यूलच्या रवीतून आलेला.

मँचेस्टरच्या टाऊन हॉलच्या प्रवेशद्वारात डाल्टन आणि ज्यूल यांचे पुतळे समोरासमोर बसवलेत. ब्रुकलँड्सच्या दफनभूमीत ज्यूलच्या कबरीवर 772.55 हा आकडा कोरलेला आहे. आताच्या मोजणीप्रमाणे तो 778 च्या आसपास हवा. अमेरिकेतल्या हेन्री रोलंडने ज्यूलच्या हयातीतच त्याचा एक थर्मामीटर तपासून पाहिला होता, आणि फरकाचा मोठा भाग त्या काचेच्या नळीतला निघाला.